काशीने नावाच्या बागेत

ती. आई-बाबा,
सा. न.

हे पत्र दादाच्या ई-मेलवर पाठवतेय. मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून द्यायला सांगितलंय त्याला. तेव्हा बाबा, चष्मा सापडत नाही ही सबब चालायची नाही. हल्ली फोनवर आपलं बोलणं म्हणजे मी म्हणायचं 'फ्लॉरेन्सला गेले होते', तुम्ही विचारायचं 'कोण गेलं?', आणि मागून आई ओरडणार, 'अहो, मशीन लावा कानाला!' तेवढ्यात माझ्या लेक्चरची वेळ होते. म्हणून हा खटाटोप.

तर मागच्या शनिवार-रविवारी मी आणि उंच मुलगी फ्लॉरेन्सला जाऊन आलो. आई, व्हिडिओ कॉलवर बघून तू तिचं हे बारसं केलंस, आता तिला ते पाठ झालंय. पोर्तुगालची आहे, पण नवीन कुणी मराठी माणूस भेटला की 'मी उंच मुल्गी' अशी ओळख करून देते आणि माझ्याकडे बघून डोळा मारते.

बोलोन्याहून वेगवान गाडीने फ्लॉरेन्स पाऊण तासाच्या आत येतं. आम्ही साध्या गाडीने गेलो. प्रातोला गाडी बदलायची, दीड-पावणेदोन तास लागतात, पण वाचलेल्या पैशांत जेवण निघतं. वाटेत आपेनाइन डोंगराच्या पोटातून साडेअठरा किलोमीटरचा बोगदा आहे, १९३४ साली सुरू झालेला. नेमका त्याच बोगद्यात टीसी आला. इथे कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्यावी लागते. नाहीतर तिकीट हातात असूनही तुम्ही विनातिकीट. हे मला दीड वर्षं माहीत आहे. तरी उंच मुलीचं उमटवलं आणि माझं राहिलं. अख्खा बोगदाभर तो गृहस्थ मला शांतपणे समजावत होता, मी मान डोलावत होते, आणि उंच मुलगी काही दिसत नसलेल्या खिडकीतून बाहेर बघत होती. शेवटी त्याने पेनाने तिकिटावर तारीख-वेळ लिहिली आणि सोडलं. आई, दंड झाला नाही. खरंच नाही झाला.

शनिवारी घुमट चढलो. बाबा, हा परिच्छेद तुमचा. तिथल्या कॅथीड्रलचं बांधकाम १२९६ साली सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, वर सुमारे पंचेचाळीस मीटर रुंदीचं अष्टकोनी भोक ठेवलं गेलं, आणि त्यावर घुमट कसा चढवायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं! कमान बांधायची तर खालून लाकडी साचा लागतो. एवढ्या उंचीवर, एवढ्या रुंदीचा साचा आणायचा कुठून? मग ब्रुनेलेस्की नावाचा, मूळचा सोनारकाम शिकलेला माणूस पुढे आला आणि म्हणाला, साच्याशिवाय करतो. १४२० ला सुरुवात, १४३६ ला घुमट पुरा. त्याची युक्ती डोळ्यांनी बघता येते, कारण घुमट एकात एक असे दोन आहेत आणि जिना त्या दोघांच्या मधून जातो. आडव्या विटांच्या थरात मधे मधे एक वीट उभी लावलेली, पुढच्या थरात ती थोडी सरकलेली, असं करत उभ्या विटांची तिरपी नक्षी वर चढत जाते. या उभ्या विटा आडव्यांना धरून ठेवतात, म्हणून चुना ओला असतानाही थर आत घसरत नाही. मी एका ठिकाणी हात लावून पाहिला. वीट थंडगार होती आणि मागचे लोक खोळंबले होते.

४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. वर वर जाताना भिंत अंगावर कलायला लागते, आणि शेवटी तर तुम्ही घुमटाच्या पाठीवरूनच चढत असता. उंच मुलीने दोनदा डोकं आपटून घेतलं. वरून सगळं शहर विटकरी दिसतं, त्यापलीकडे हिरव्या टेकड्या. फोटो जोडलाय. त्यात मी हसत नाहीये, धापा टाकतेय.

संध्याकाळी सांता क्रोचे चर्चच्या बाजूला हिंडलो. गॅलिलिओला तिथेच पुरलंय. त्या भागात भिंतींवर लहान लहान पाट्या आहेत: ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचं पाणी इथपर्यंत आलं होतं. उंच मुलीने एका पाटीखाली उभं राहून हात वर केला, टाचा उचलल्या, तरी बोट पोचलं नाही. मग ती थोडा वेळ काही बोलली नाही, हे तिच्या बाबतीत विशेष.

रविवारी सकाळी उफीझी पाहिलं. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे सरकारी संग्रहालयं फुकट, म्हणजे सगळी इटली रांगेत. चित्रं सुंदर आहेत, पण खरं सांगू का, पुढच्या माणसांची डोकी मला जास्त पाठ झाली. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचा मूळ पुतळा राहिलाच. चौकातली त्याची प्रतिकृती बघून समाधान मानलं. आई, तू जेवणाचं विचारशीलच, तर तिथला पाव अळणी असतो. चुकून नाही, मुद्दाम. बाकी पोटभर जेवले.

आता मूळ गोष्ट.

शनिवारी रात्री हॉस्टेलमधल्या नकाशावर उंच मुलगी उद्याचे बेत आखत होती. शहराच्या पश्चिम टोकाला बोट ठेवून म्हणाली, 'इथे इंडियानो असं दोन-तीनदा लिहिलंय. चौक, पूल, स्मारक. हा तुमचा कोण?' मला वाटलं रेस्टॉरंट असेल. फोनवर शोधलं, तर कोल्हापूरचे राजाराम महाराज!

मी हे कधी वाचलंच नव्हतं. १८६६ साली सोळाव्या वर्षी गादीवर आले. १८७० साली इंग्लंड बघायला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, प्रवासाची डायरी इंग्रजीत लिहीत होते. परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला गेले. एकविसावं चालू होतं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. प्रेताला अग्नी द्यायचा, तसा तिथे तेव्हा रिवाजच नव्हता. खास परवानगी मिळवावी लागली. बरोबरच्या माणसांनी विचारलं असणार की दोन नद्या कुठे मिळतात. तशी जागा होती, आर्नो आणि मुन्योनेचा संगम. ती एका मोठ्या बागेच्या टोकाला आहे. बागेचं नाव ऐक, आई: काशीने. इटालियनमध्ये उच्चार असाच होतो. मी उंच मुलीला काशी म्हणजे काय ते समजावायला गेले आणि मधेच माझाच आवाज बसला.

ट्रॅमने बागेच्या अलीकडच्या टोकाला उतरलो आणि नदीच्या कडेकडेने चालत निघालो. बाग तीन किलोमीटरहून लांब आहे. धावणारे लोक, सायकली, कुत्री, बाबागाड्या. हळूहळू माणसं विरळ झाली आणि झाडांच्या मधून एकदम छत्री दिसली. आपल्याकडे असते तशीच, घुमटी आणि खांब, आणि खाली अर्धपुतळा. पण पुतळा रंगीत आहे, बाबा. डोक्याला फेटा, गळ्यात माळा, आणि चेहरा अगदी पोरसवदा. माझ्या वर्गात बसला असता तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघितलं नसतं. १८७४ साली उभारलंय. आराखडा मेजर मँट यांचा. तुम्ही आम्हाला कोल्हापूरचा नवा राजवाडा दाखवायला नेलं होतंत ना, त्याचा आराखडाही त्यांचाच. चार भाषांत लेख कोरलेत. इंग्रजी लेख मी मोठ्याने वाचला, का ते माहीत नाही. शेजारून तिरप्या तारांनी तोललेला मोठा पूल जातो, त्याचंही नाव इंडियानो. वरून गाड्या, खालून चालणारी माणसं. आमच्याजवळ बाकावर एक आजोबा ऊन खात बसले होते. उंच मुलीने त्यांना विचारलं, हे कोण? ते म्हणाले, 'इंडियानो.' बस, एवढंच. नाव विचारलं तर हात हलवला. ज्यांच्यावरून चौक आणि पूल ओळखला जातो, त्यांचं नाव त्या आजोबांना माहीत नाही. उंच मुलीने वहीतून कागद फाडून त्यांना लिहून दिलं: राजाराम. त्यांनी दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

संगमावर बघण्यासारखं काही नाही. मुन्योने म्हणजे ओढाच. पाणी गढूळ, काठाला वेळू. मी बराच वेळ उभी होते. राजवाड्यात ही बातमी कशी पोचली असेल, हेच डोक्यात येत होतं. मग तुमची आठवण आली, बाबा. तुम्ही सांगायचात, वाईट बातमीची तार लिहून घेताना हात आपोआप सावकाश चालायचा, आणि ती पोचवायची घाई मात्र सगळ्यांत जास्त असायची.

तिथूनच मी दादाला फोन लावला, छत्री दाखवायला. तो पटकन म्हणाला, 'हो, बाबांकडे कात्रण आहे ना त्याचं. तुझी ॲडमिशन झाली तेव्हा काढलं होतं, मग परत फाइलमध्ये घातलं.' बाबा, माझी बॅग भरताना तुम्ही मला इटलीचं हवामान, इटलीचे प्लग, इटलीचं राजकारण सगळं सांगितलंत. हे एवढंच नाही सांगितलंत. रागावले नाहीये. का नाही सांगितलंत ते मला त्या काठावर उभी असताना कळलं.

पण दादाची जीभ एकदा सैल झाली की तुम्हाला माहीतच आहे. आईच्या मनगटाचंही त्याने सांगून टाकलं. तीन आठवडे प्लास्टर! आणि मी रोज व्हिडिओवर बघतेय की आई फक्त खांद्यापर्यंत दिसते. मला वाटत होतं फोन नीट टेकवता येत नाही म्हणून. त्याच्यावर चिडू नका. मीच खोदून खोदून विचारलं.

आता माझंही सांगते. जानेवारीत चार दिवस नेटवर्क नाही म्हणाले होते, तेव्हा नेटवर्क उत्तम होतं. एकशे तीन ताप होता. उंच मुलगी रात्री माझ्या खोलीत जमिनीवर झोपायची आणि उठून औषध द्यायची. आता ठणठणीत आहे, ४६३ पायऱ्या चढलेय, पुरावा वर दिलाय. पण यापुढे माझा ताप त्याच दिवशी तुम्हाला कळेल आणि तुमचं पडणं-झडणं त्याच दिवशी मला. दादामार्फत नाही, थेट. आईचं प्लास्टर कधी निघणार, हाताला मुंग्या येतात का, डॉक्टर काय म्हणाले, हे सगळं लिहा. ते कात्रणही फोटो काढून पाठवा, उंच मुलीला वाचून दाखवायचंय.

आणि बाबा, उत्तर तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा, दादा स्कॅन करेल. फक्त तुमच्या सवयीने तारेसारखं नको, 'सर्व ठीक. काळजी नसावी.' शब्दाला पैसे पडत नाहीत आता.

तुमची,
धाकटी

ता. क. आई, डाव्या हाताने दोन ओळी तूही लिही. वाकड्या आल्या तरी चालतील.