पाकिटावर शैवालाची जात न लिहिता केलेले दावे आणि भुकटीचा खालावलेला दर्जा यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

मत्स्यखाद्यात मिसळण्यासाठी आपली कंपनी सूक्ष्मशैवालाची जी भुकटी विकते, ती मी माझ्या तळ्यांतील कार्प आणि तिलापिया माशांसाठी गेल्या हंगामापासून वापरत आहे. आधीच्या खरेदीबाबत माझी काहीही तक्रार नव्हती. या वेळी मिळालेल्या बॅचमधील मालाविषयी, आणि त्याहूनही अधिक पाकिटावर जे छापले आहे व जे छापायचे टाळले आहे त्याविषयी, हे पत्र लिहीत आहे.

घटकांच्या रकान्यात ‘शुद्ध सूक्ष्मशैवाल’ एवढेच शब्द आहेत. ते कोणत्या जातीचे, याचा पाकिटावर कोठेही उल्लेख नाही. त्याच पाकिटाच्या दर्शनी भागावर मात्र भरपूर प्रथिने, डीएचए (एक ओमेगा-३ स्निग्धाम्ल), माशांच्या अंगावर खुलणारा रंग आणि रोगप्रतिकारशक्ती अशी चार आश्वासने ठळक अक्षरांत दिली आहेत. स्पिरुलिना या निळसर हिरव्या सूक्ष्मशैवालामध्ये कोरड्या वजनाच्या साधारण ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात हे खरे, पण डीएचए त्यात जवळपास नसतेच. डीएचएसाठी शायझोकायट्रियमसारखा सूक्ष्मजीव मुद्दाम वाढवावा लागतो, ईपीए या दुसऱ्या ओमेगा-३ स्निग्धाम्लासाठी नॅनोक्लोरोप्सिस वापरतात, आणि लालसर रंग देणाऱ्या अ‍ॅस्टाझँथिनसाठी हिमॅटोकॉकस. आपल्या विक्री प्रतिनिधीने या भुकटीत स्पिरुलिना आणि क्लोरेला ही दोनच शैवाले असल्याचे तोंडी सांगितले. तसे असेल तर डीएचएचा दावा कशाच्या आधारावर छापला, हे कृपया कळवावे. आणि आणखी काही मिसळले असेल, तर ते काय व किती टक्के, हे पाकिटावरच असायला हवे होते.

क्लोरेलाबाबत आणखी एक प्रश्न आहे आणि तो केवळ तांत्रिक नाही. या शैवालाची पेशीभित्तिका चिवट असते. तिलापियाच्या जठरातील तीव्र आम्लाचा अशा पेशी फोडायला काही उपयोग होतो, पण कार्पला जठरच नसते; घशातील दातांनी तो खाद्य रगडतो खरा, परंतु काही मायक्रॉनच्या पेशी त्यातून सहज निसटतात. म्हणून पेशी फोडून वाळवलेले क्लोरेला आणि तसेच वाळवलेले क्लोरेला यांत मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आपल्या पाकिटावर ‘सर्व प्रकारच्या माशांसाठी’ असे लिहिले आहे. पेशी फोडल्या आहेत की नाहीत, याबद्दल एक शब्दही नाही.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. आधीची भुकटी गडद निळसर हिरवी होती आणि चिमूटभर थंड पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली की वरचे पाणी स्वच्छ निळे होई, कारण स्पिरुलिनातील फायकोसायनिन हे रंगद्रव्य पाण्यात विरघळते. या बॅचची भुकटी मळकट, शेवाळी तपकिरी आहे, आणि तिच्या पाण्याला निळी छटासुद्धा आली नाही. फायकोसायनिन उष्णतेने आणि उजेडाने खराब होते. ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे तर फारच झपाट्याने. तेव्हा एकतर माल वाळवताना किंवा साठवताना तापला असावा, किंवा त्यात स्पिरुलिनाच कमी असावे. पाकीट पारदर्शक का केले, हेही मला समजलेले नाही. फोडताच खवट वास आला आणि भुकटीत गुठळ्या सापडल्या. खवट झालेली स्निग्धद्रव्ये माशांच्या शरीरातील ई जीवनसत्त्व खर्ची घालतात आणि यकृताला अपाय करतात, त्यामुळे मी ही भुकटी खाद्यात मिसळणे ताबडतोब थांबवले.

माझ्या एका तळ्यात त्या सुमारास काही माशांच्या अंगावर लाल व्रण दिसले होते. त्याचे खापर मी आपल्या मालावर फोडत नाही, कारण गर्दी, अमोनिया आणि विरघळलेल्या ऑक्सिजनची घट यांमुळेही माशांची शक्ती क्षीण होऊन एरोमोनाससारख्या जिवाणूंना वाव मिळतो. माझा आक्षेप आहे तो ‘औषधांची गरज उरत नाही’ या आपल्या माहितीपत्रकातील वाक्याला. शैवालयुक्त खाद्यामुळे लायसोझाइम या जंतुनाशक विकराची क्रिया आणि पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता वाढल्याचे प्रयोगांतून दिसलेले आहे, पण तो परिणाम शैवालाची जात, मात्रा, कालावधी आणि माशाची जात यांवर अवलंबून असतो. रोग तळ्यात शिरल्यावर केवळ भुकटीवर विसंबून राहणाऱ्याचे सगळे पीक हातचे जाऊ शकते, आणि हे आपल्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही.

सबब, या बॅचच्या न फोडलेल्या पाकिटांची पूर्ण रक्कम परत मिळावी किंवा तपासलेला नवा माल बदलून मिळावा. त्यासोबत बॅचचा तपासणी अहवाल पाठवावा आणि त्यात जातवार प्रमाण, ओलावा, राख, स्निग्धद्रव्यांचे पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचे माप), जड धातू व मायक्रोसिस्टिन (काही निळसर हिरव्या शैवालांत तयार होणारे विष) यांची नोंद असावी. प्रथिनांचा आकडा केवळ नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढलेला असल्यास तसे स्पष्ट लिहावे, कारण शैवालात प्रथिनांखेरीजही नायट्रोजन असतो आणि त्या हिशेबाने आकडा फुगतो. माहितीपत्रकातील औषधांविषयीचे वाक्य काढून टाकल्याचे लेखी कळवावे. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला विश्वासू,
एक मत्स्यपालक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, पाकिटाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, दोन्ही बॅचच्या भुकटीचे नमुने