वही परत करायची राहिलीय, बाई

आदरणीय बाई,
सा. न.

माझी पोर वर्गात कशी वागते ते तुम्ही रोज टिपून ठेवलेली वही अजून माझ्याकडेच आहे, मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली. परत द्यायची म्हणून तीनदा काढली आणि तिन्ही वेळा वाचतच बसले.

तारीख, वार, पुढे दोन-तीन ओळी. “भूगोलाच्या पहिल्या चार ओळी मोत्यासारख्या. पाचवी अर्धी, मग पान कोरं. बोलणं नाही, गडबड नाही, नजर फळ्यावरच.” आणखी एका पानावर, “मैत्रिणी हसल्या की आधी त्यांच्याकडे बघते, मग हसते. जरा उशिरा.” ही ओळ वाचली तेव्हा मी मशीन बंद केलं होतं. 13 वर्षं पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढली आणि हे तुम्हाला दिसलं, 55 पोरींच्या वर्गात, दोन महिन्यांत.

घरी आली की दप्तर फेकायची, अर्धा तास रडायची, कुणी हाक मारली तर अंगावर यायची. ‘बाहेर गरीब गाय, घरात वाघीण,’ असं सासूबाई म्हणायच्या. दिवसभर सगळ्यांसारखं वागून ती दमलेली असायची, हे आता कळतंय. याला मास्किंग म्हणतात म्हणे.

गड्ड्याच्या यात्रेत दारूकाम बघायला नेलं, तर कान दाबून माझ्या मांडीत डोकं खुपसून बसली. नाटकी म्हणून आम्ही हसलो. शेजारच्या मागांच्या खडखडाटात मात्र गाढ झोपते, मग आवाजाचा त्रास कुणाला पटणार? आणि मी, गावभरच्या पोरांचे युनिफॉर्म शिवणारी. माझीच पोर शिवण टोचते म्हणून बनियन उलटं घालायची. त्यावरून फटके दिलेत मी तिला. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

पोरीला दाखवून घ्या, असं तुम्ही सांगितल्यावर आधी ज्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले, मार्क बरे आहेत, पोरगी शांत आहे, मुलींना एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चुळबुळ करणं, हे नसतं. माझा भाचा बाकांवर उड्या मारायचा, म्हणून त्याचं एडीएचडी दुसरीतच कळलं. माझी खिडकीबाहेर बघत बसायची. तिची कुणाला अडचणच नव्हती.

दुसऱ्या ठिकाणच्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पहिलंच विचारलं, “शाळेतलं काही लिहून आणलंय?” मी वही पुढे केली. एडीएचडी ठरवायला नुसतं घरातलं सांगून भागत नाही, शाळेतलंही लागतं आणि खुणा 12 वर्षांच्या आधीपासूनच्या लागतात. रक्त तपासून काही कळत नाही. मग जुनी प्रगतिपुस्तकं काढली. पहिलीपासून शेरा एकच, ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’

चार बैठकांनंतर दोन्ही निघालं, लक्ष न टिकण्याच्या प्रकारचं एडीएचडी आणि ऑटिझम, म्हणजे माणसांत मिसळणं, आवाज-स्पर्श सोसणं जरा वेगळं असतं ते. दोन-दोन कसं, म्हटलं. त्या म्हणाल्या, एकाच मुलाला दोन्ही असू शकतं हे अमेरिकेतल्या निदानाच्या पुस्तकाने मान्य केलं ते 2013 साली. ऑटिझमवर कॅनर नावाच्या डॉक्टरांनी 1943 साली लिहिलं, त्या 11 मुलांत मुली तीनच. पुढच्या वर्षी आस्परगर नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ज्या चौघांवर लिहिलं, ते चारही मुलगे. मी मनात म्हटलं, मापच पोरांच्या अंगाचं घेतलंय, ते पोरींना कसं बसणार!

सासूबाईंना लग्नाची काळजी लागली होती. तुम्ही घरी आलात, चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, “आजी, आधी आठवी तर होऊ द्या.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढलेला नाही.

तुम्ही तिला पहिल्या बाकावर आणलंत, गृहपाठ तोंडी न सांगता चिठ्ठीवर देता. मी बनियनच्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेते. रडणं थांबलं नाही, कमी झालंय.

हे चारचौघांत लिहितेय कारण माप द्यायला येणाऱ्या बायका हळूच म्हणतात, “माझीपण अशीच आहे हो, पण मार्क चांगले पडतात.” मी त्यांना तुमची वही दाखवते. दोघींनी नवीन वही घेतलीय.

आमच्या पोरीनेही ती वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं रडेल. तिने तुम्हाला एवढंच कळवायला सांगितलंय की 14 ऑगस्ट 2024 पुढे तुम्ही गुरुवार लिहिलाय, तो बुधवार होता.

तुमची,
तिची आई
सोलापूर