हौद्यात न बसल्यानंतरचा प्रश्न

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

राजस्थान सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत जयपूरच्या दिवसासमोर ‘आमेर किल्ला : हत्तीवरून प्रवेश’ ही ओळ कित्येक वर्षे ठरल्यासारखी छापली जात आली आहे. १९९४ साली आम्ही पहिल्यांदा तेथे गेलो, तेव्हा एका हौद्यात चौघे बसलो होतो. सोंडेवर रंगीत वेलबुट्टी काढलेल्या त्या हत्तिणीच्या पाठीवरून सूरजपोल ओलांडून जलेब चौकात शिरताना क्षणभर आपण राजघराण्यातले झालो असे वाटले होते, हे मी नाकारणार नाही. तो फोटो आजही आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. गेल्या जानेवारीत मुलगा आणि आठ वर्षांची नात यांच्यासह पुन्हा आमेरला जाण्याचा योग आला. या वेळी ती दोघे हत्तीवर बसली आणि मी पायी चढले.

हत्तीच्या पाठीचा कणा मध्यभागी उंचावलेला असतो आणि मणक्यांची टोके वरच्या बाजूला उभी असतात, त्यामुळे हौद्याचे ओझे नेमके तेथेच येते, हे मधल्या काळात माझ्या वाचनात आले होते. एका हत्तीवर दोघांनीच बसावे, असा आता आमेरला नियम आहे. म्हणजे आमच्या त्या फोटोतील हत्तिणीने दुप्पट भार वाहिला होता. २०१८ मध्ये भारतीय प्राणी कल्याण मंडळासाठी झालेल्या तपासणीत येथील काही हत्तींना क्षयाची बाधा असल्याचे आढळले होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका हत्तिणीने पाठीवरच्या परदेशी पर्यटक महिलेला खाली आपटल्याची चित्रफीत तर अनेकांनी पाहिली असेल. एवढे ठाऊक असूनही नातीला मी अडवले नाही. जलेब चौकातील ओट्यावर उतरताना तिचा चेहरा जसा फुलला होता, तसाच १९९४ मध्ये तिच्या वडिलांचा फुलला होता, आणि त्या आनंदात खोटे काहीच नव्हते. माझे पायी चढणे त्यामुळे मलाच थोडे नाटकी वाटू लागले.

आपल्या कायद्याची भूमिकाही याहून फारशी सुसंगत नाही. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ दाखवण्यास केंद्र सरकारने १९९८ मध्ये मनाई केली, २००९ मध्ये प्राणिसंग्रहालये व सर्कशींतील हत्ती हलवण्याचा आदेश निघाला, २०१३ मध्ये डॉल्फिनच्या खेळांनाही परवानगी न देण्याचे ठरले. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत आहे आणि २०१० पासून तो आपला राष्ट्रीय वारसा प्राणी आहे. तरीही किल्ल्याच्या चढावर त्याने रोज माणसे वाहावीत, याला आपण परंपरा म्हणतो. ती परंपरा राजांची होती. तिकीट काढून कोणालाही हत्तीवर बसवण्याची पद्धत पर्यटनाच्या धंद्याने रुजवली.

उतरताना एका माहुताशी बोलणे झाले. ‘आप नहीं बैठोगे तो ये खाएगी क्या?’ असे त्याने अगदी सहज विचारले. त्या प्रश्नात लबाडी आहे, हे उघड आहे, कारण नेमक्या याच उत्तरावर प्राण्यांचे सगळे खेळ वर्षानुवर्षे चालत आले. पण तो प्रश्न निव्वळ लबाडीचाही नाही. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो आणि तो साठ वर्षांपर्यंत जगू शकतो. टाळेबंदीत आमेरच्या सफरी बंद पडल्या, तेव्हाही चारा रोज लागतच होता. आयुष्य माणसांत काढलेल्या हत्तिणीला उद्या जंगलात सोडून देणे हा तिच्यावर उपकार ठरणार नाही.

आपल्याकडे हा पेच नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीच्या निमित्ताने २०२५ मध्ये पाहायला मिळाला. न्यायालयाच्या आदेशानुसार तिला जामनगरच्या वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात हलवले गेले, तेव्हा कोल्हापूर परिसरातील लोकांच्या डोळ्यांत आलेले पाणी खोटे होते असे म्हणणे उद्धटपणाचे होईल. मात्र आपल्याला तिचा लळा आहे आणि ती सुखात आहे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या बैठकीतल्या फोटोकडे पाहतानाही मला आता हेच जाणवते.

दरवेशांकडील अस्वलांच्या बाबतीत आपण एक वाट काढली होती. अस्वले सोडवताना ती नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसऱ्या उद्योगासाठी मदत दिली गेली आणि आग्र्याजवळ कीठमला अस्वलांसाठी केंद्र उभे राहिले. आमेरच्या हत्तींना असे करता येणार नाही का? नवे हत्ती आणणे बंद करावे, आहेत त्यांच्या पाठीवरून हौदे टप्प्याटप्प्याने उतरवावेत आणि किल्ल्याच्या प्रवेशशुल्कातील ठरावीक वाटा त्यांचा चारा, उपचार आणि माहुतांचे वेतन यांसाठी राखावा. मी त्या दिवशी सफरीचे पैसे वाचवले आणि हत्तिणीच्या वाट्याला काहीच आले नाही, ही बाब मला अधिक खटकते. पाठीवर न बसता तिच्या पोटासाठी पैसे भरण्याची सोय असती, तर मी ते आनंदाने भरले असते.

राजस्थान सरकारला पत्र लिहून माझ्यासारखीचे कोण ऐकणार, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींचे संयोजक आपलेच आहेत, आणि हत्तीची सफर सहलीच्या शुल्कात आधीच धरण्याऐवजी ज्याला हवी त्याने स्वतंत्रपणे मागावी, एवढा बदल त्यांना विनाखर्च करता येईल. आमच्या संयोजकांकडे मी तसे सुचवले होते. त्यांचे येत्या हिवाळ्याचे माहितीपत्रक परवाच आले. जयपूरच्या दिवसासमोरची ती ओळ होती तशीच आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा