बुटांच्या भांडणात लेकाचं ऐकून घेणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

सा. न.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. जर्मनीत नव्याने आलेल्या अनेक मराठी घरांत आजी-आजोबा तीन महिन्यांच्या व्हिसावर येतात, आणि त्या तीन महिन्यांत नातवंडांवरून घराघरांत जे होतं ते कुणी बाहेर बोलत नाही. आमच्या घरी ते झालं तेव्हा तुम्ही होतात. तुम्ही काय केलंत, हे इतरांनाही कळायला हवं.

एर्लांगेनमधला आमचा तो दुसरा हिवाळा. ५ डिसेंबरच्या संध्याकाळी लेकाने बूट घासूनपुसून दाराशी मांडले. संत निकोलाउस रात्री येऊन त्यांत खाऊ ठेवतो, हे तो किंडरगार्टनमध्ये शिकून आला होता. सासूबाईंना ते बघवेना. "पायताणात खाऊ ठेवतात का कुणी?" म्हणाल्या. आपल्याकडे अन्नाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बूट उचलून बाल्कनीत ठेवले, ह्यांचा आवाज चढला, आणि बुटांवरून निघालेली गोष्ट कुठच्या कुठे गेली. पोरगं डब्यात पोळी नेत नाही, विचारलं मराठीत तर उत्तर जर्मनमध्ये देतं, आणि शेवटी, तुम्ही भारतात परत कधी येणार ते एकदा सांगून टाका. लेक तिथेच उभा होता. बोलणं त्याच्यावरूनच चाललंय हे त्याला कळत होतं. ६ तारखेला वर्गातली मुलं आपापल्या बुटांत काय सापडलं ते सांगत होती, आणि याच्याकडे सांगायला काही नव्हतं. त्यानंतर आजोबांसमोर, त्याच्या आबांसमोर, तो बोलेनाच. त्यातच किंडरगार्टनमधल्या एका बाई आम्हाला सांगून बसल्या होत्या की घरीही जर्मनच बोला. म्हणजे घरात त्याचं मराठी कमी, बाहेर जर्मन कमी.

त्या रविवारी तुम्ही लेबकुखनचा, म्हणजे इथल्या नाताळातल्या मसालेदार बिस्किटांचा, डबा घेऊन वर आलात. आमच्यापैकी कुणालाच काही विचारलं नाहीत. सरळ त्याच्याजवळ जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "हा निकोलाउस कोण रे? सांग की मला." तुम्ही चाळीसेक वर्षं या देशात काढलेली, तुम्हाला काय माहीत नव्हतं! पण तो सांगू लागला, अर्धं मराठी, अर्धं जर्मन. अडला तिथे तुम्ही नुसता शब्द पुरवलात. चौथ्या शतकातला मायराचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या देमरेचा. तिथे एका गरीब माणसाच्या तीन मुली, लग्नात द्यायला पैसे नाहीत म्हणून घरात बसलेल्या. निकोलाउसने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. त्या वाळत घातलेल्या मोज्यांत नाहीतर बुटांत पडल्या, अशी दंतकथा.

बाबा पेपरामागून ऐकत होते. "म्हणजे हुंड्यापायी?" त्यांनी विचारलं. माझ्या दोन्ही नणंदांच्या लग्नांसाठी त्यांनी कराडजवळचं शेत गहाण टाकलं होतं, आणि त्यातलं निम्मंच सुटलं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, काकू. बाबांनी पेपर ठेवला आणि नातवाला म्हणाले, "परत सांग, पहिल्यापासून." त्याने सांगितली, आणि या खेपेला जवळजवळ सगळी मराठीत.

तोवर सासूबाईंनी लेबकुखनचा तुकडा तोंडात टाकला होता. वेलदोडा, लवंग, दालचिनी, जायफळ, त्यांनी एकेक ओळखलं. धनेही असतात हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मात्र त्यांचा विश्वास बसेना. शेजारचं न्युर्नबर्ग मध्ययुगात मसाल्यांच्या व्यापाराची मोठी पेठ होती आणि हे मसाले आपल्या बाजूच्या समुद्रातून तिथवर जायचे, हे ऐकून त्यांनी आणखी एक घेतला. मग तुम्ही सहज म्हणालात की इथल्या कितीतरी घरांत बूट न ठेवता ताटली मांडतात. सासूबाई उठून स्वतः ताटली घेऊन आल्या. तुम्ही पिशवीतून अक्रोड, संत्री आणि चॉकलेट काढून तीत ठेवलंत.

जाताना दारात आम्हा दोघांना जे बोललात त्याचे आभार वेगळे मानायचे आहेत. घरात मराठी भरपूर आणि नीट बोला, जर्मन त्याला बाहेर आपसूक येईल, आणि भांडायचं असेल तर तो झोपल्यावर भांडा. बाबांना मात्र तुम्ही एका शब्दाने काही सुनावलं नाहीत. नातू हातातून निसटतोय या भीतीने माणूस बूट उचलतो, हे तुम्ही ओळखलंत. मला ते बरंच नंतर उमगलं. सगळे त्या पोराविषयी बोलत होते, तुम्ही त्याच्याशी बोललात. यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

यंदा दोघं दिवाळीआधीच येताहेत. ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनची मिरवणूक. भिकाऱ्यासाठी आपला झगा तलवारीने अर्धा कापून देणाऱ्या त्या रोमन शिपायाची गोष्ट लेकाने आबांना व्हिडिओ कॉलवर आधीच सांगून ठेवलीय. मिरवणुकीचा कंदील आबा इथे येऊन बांबूच्या कामट्यांचा करणार आहेत, कागद कुठला यावर दोघांची रोज चर्चा चालते. तुमचा गुडघा दुखतो हे माहीत आहे. चौकापर्यंत आलात तरी पुरे. तिथे बाक आहे, आणि सासूबाई तुमच्यासाठी चकल्या घेऊन येणार आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई