तुझ्या यादीवर माझी पेन्सिल

लोकमान्य नगर, इंदूर

चि. सोहम यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर पाठवलेली, इथल्या तुझ्या खोलीत जुळवायच्या कॉम्प्युटरच्या भागांची यादी कागदावर उतरवून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसले. सगळ्यात जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर, त्याखालोखाल काचेच्या, दिवेवाल्या कॅबिनेटवर. आणि एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा, त्याच्यापुढे काय लिहिलंयस? ‘कॅबिनेटसोबत येतो तोच.’ जिची सगळी नोकरी वीज कंपनीत मीटर तपासण्यात गेली, त्या बाईला असलं वाक्य पाठवतोस, म्हणजे कमाल आहे तुझी.

माझा हिशेब असा. जी वस्तू पुढे चार स्क्रू काढून बदलता येते, ती आज कमी घेतली तरी चालेल, किंवा घेऊच नये. जी बदलायची म्हणजे सगळी पेटी उसकटावी लागते, तिथे हात आखडायचा नाही. ग्राफिक्स कार्ड पहिल्या जातीतलं. मदरबोर्ड, म्हणजे ज्यावर बाकीचं सगळं बसतं ती पाटी, आणि एसएमपीएस दुसऱ्या.

परवा आर.एन.टी. मार्गावर काम होतं, तेव्हा सिल्व्हर मॉलमध्येही डोकावून आले. बाजारात कॅबिनेटसोबत मिळतो तसला एक एसएमपीएस हातात घेऊन बघितला. वर ठसठशीत 450. खाली बारीक अक्षरांचा तक्ता, त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. बारा गुणिले सोळा, 192 वॅट. बाकीचे वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या रकान्यांत भरलेले, आणि हल्लीच्या मशीनमध्ये प्रोसेसर काय, कार्ड काय, दोघंही 12 व्होल्टवर जगतात. शेजारच्या 550 वॅटच्या डब्यावर त्याच रकान्यात 45 अँपिअर होते, म्हणजे 540 वॅट. उचलून पाहिला तर वजनातही फरक. दुकानदार म्हणाला, ‘चल जाता है आंटीजी, सबका चल रहा है.’ चालतं खरं, कार्ड बसवेपर्यंत.

तेव्हा चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा घे, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. 80 प्लस ब्रॉन्झचा शिक्का असावा, पण त्यावर भुलू नकोस. वीज किती वाया जाते एवढंच तो सांगतो: अर्ध्या भारावर साधारण 85 टक्के कामाला येते, बाकीची उष्णता होते. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं तर डबा स्वतःहून बंद पडेल की नाही, याचं उत्तर त्या शिक्क्यात नाही. ती प्रोटेक्शन्स वेगळी छापलेली असतात, ती वाचून घे.

आपला इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे त्याच्या विजेची लाट घरच्या विजेसारखी गोलसर (साइन) नसून चौकोनी. ॲक्टिव्ह पीएफसीवाले, म्हणजे करंट विजेच्या लाटेशी जुळवून घेणारे एसएमपीएस असल्या विजेवर रुसतात, मध्येच बंदही होतात. म्हणून तुझ्या टेबलाचा पॉइंट इन्व्हर्टरवरून काढायला लावतेय. प्युअर साइन वेव्हचा यूपीएस वेगळा घेऊ. 600 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) म्हणजे 600 वॅट नव्हेत हं, बहुतेक यूपीएसवर ते 360 च्या आसपास असतात.

अर्थिंगचं तर तुझ्या यादीत नावच नाही. तुझ्या खोलीतल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये मीटर लावला तर तिसरी पिन नुसती शोभेची निघाली. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग नसेल तर तो पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 च्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण उघड्या पायांनी बसून यूएसबी लावायला गेलास की झिणझिण्या येतात, आणि लोक म्हणतात मशीनमध्ये करंट उतरला. मशीनचा काही दोष नसतो. त्यात आपली माळव्याची काळी माती. मे महिन्यात सुकून भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. खड्डा नव्याने करून घेतेय. उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं काम बाबांकडे.

आता प्रोसेसर. तू रायझन 5 5600 लिहिलायस. चांगला आहे, स्वस्तही. पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय पडद्यावर चित्रच येणार नाही, म्हणजे कार्ड आजच घेणं भाग. शिवाय त्याचं एएम4 सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, हा संपत आलेला रस्ता. एएमडीने 2022 साली एएम5 आणलं, आणि त्यांचे नव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आता त्यावर येतात. म्हणून बी650 चिपसेटचा एएम5 बोर्ड आणि त्यावर रायझन 5 7600. त्याचं अंगचं ग्राफिक्स किरकोळ आहे, पण ड्रॉइंग, मीटिंग, व्हिडिओ बघणं यांना पुरतं. थ्रीडी रेंडर ऑफिसच्या मशीनवर होतात, हे तूच सांगितलंस. म्हणजे कार्ड खेळांसाठी. खेळ की, मी कुठे नाही म्हणते? पण पुढच्या वर्षी.

दुकानदार तुला रायझन 5 8600जी सुचवेल. त्याचं अंगचं ग्राफिक्स बरंच दणकट आहे, कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर मीही तोच घेतला असता. पण त्याचा एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली मेमरी, 16 एमबी, 7600 चा 32. शिवाय कार्डाला तो आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, देतो, 7600 सोळा देतो. तू कार्ड घेणारच आहेस, मला माहीत आहे. इंटेल घ्यायचं ठरवलंस तर नावामागे ‘एफ’ नाही ना, तेवढं पाहा. एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही.

मदरबोर्ड निवडताना दिव्यांकडे पाहू नकोस. प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीच्या वीजपुरवठ्याच्या भागावर धातूचे हीटसिंक बसवलेत का, ते पाहा. फाइली साठवणाऱ्या एसएसडीसाठी दोन एम.2 स्लॉट हवेतच.

रॅमने मात्र माझा हिशेब बिघडवला. 2025 च्या अखेरीपासून भाव असे चढलेत की सोन्याची आठवण व्हावी. मेमरीचे कारखाने एआयच्या डेटा सेंटरना पुरवठा करण्यात गुंतलेत, आपल्यासारख्यांना उरलंसुरलं. एएम5 ला रॅमची डीडीआर5 ही पिढीच लागते. डीडीआर4 च्या कांडीलाही पिना 288 च, पण खाच वेगळ्या जागी, बसतच नाही. आत्ता 16 जीबीची एकच कांडी घे. एका कांडीवर मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग निम्मा होतो, तो खेळात जाणवेल, ड्रॉइंगमध्ये फारसा नाही. भाव उतरले की तिचीच जोडीदार. आठच्या दोन घेतल्यास तर पुढे चारही स्लॉट भरावे लागतील, आणि एएम5 वर चार कांड्या लावल्या की वेग खाली आणावा लागतो.

एसएसडी 1 टीबीची, एनव्हीएमई लिहिलेली. जुन्या पद्धतीची सॅटावालीही एम.2 च्याच आकारात मिळते आणि सेकंदाला साधारण साडेपाचशे एमबीच्या पुढे जात नाही. जुनी हार्ड डिस्क फोटोंसाठी ठेव.

कॅबिनेट समोरून जाळीचं घे. समोर काच लावून आत तीन रंगीत पंखे बसवायचे, तर ते हवा ओढणार कुठून? इंदूरच्या उन्हाळ्यात तुझ्या गच्चीखालच्या खोलीत दुपारी माणूस बसत नाही. आणि जाळीमागे धुळीचा फिल्टर निघणारा हवा, म्हणजे दर महिन्याला धुता येईल.

बिल पक्कं घे, प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर लिहून. कच्च्या बिलावर शेदोनशे सुटतात आणि वॉरंटीच्या वेळी तोंडाला पानं पुसली जातात. पुण्यात काही स्वस्त पडलं तरी मदरबोर्ड आणि एसएमपीएस इथूनच घेऊ. बिघडलं तर मी स्वतः जाऊन दुकानात उभी राहू शकते.

शनिवारी सुतार येतोय. टेबलाखालच्या कप्प्यात मागे आणि वर चार बोटं मोकळी सोडायला सांगितलंय, पण कॅबिनेटची उंची आणि खोली तुझ्याकडून हवी. उद्यापर्यंत कळव, तो पुन्हा पंधरा दिवस सापडणार नाही. बाबा विचारतायत, तुझा जुना मॉनिटर त्यांना मिळणार का.

तुझी,
आई