स्टॅक घ्यायच्या आधी माळ्यावर चढ

पुणे, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तुझा मेसेज तीनदा ऐकला. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. ड्रमसेटसाठी "कुठला स्टॅक घेऊ?", म्हणजे एकावर एक आवळलेल्या दोन सिंबलची, झांजेसारख्या थाळ्यांची, कुठली जोडी घेऊ, याचं माझं उत्तर: आत्ता कुठलाच नको. तुझी ती कडेला चीर गेलेली १६ इंची क्रॅश, ती जोरात फटका मारायची सिंबल, अजून माळ्यावर आहे ना? ती खाली काढ.

पहिला स्टॅक मी तयार जोडीचाच घेतला होता, चांगल्या कंपनीचा. दुकानात वाजवला तेव्हा अंगावर काटा आला. काय तो कडक, कोरडा आवाज, अगदी मशीनवरच्या टाळीसारखा! गणपतीतल्या कार्यक्रमात लावला, तर दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाला जवळ येऊन विचारतो, "दादा, ते मधलं वाजवताय की नाही?" ढोलकी आणि कीबोर्डच्या गदारोळात त्याची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा आवाज, पार बुडाली. उरलं ते नुसतं 'च्यक', आणि तेही बंद हायहॅटच्याच, म्हणजे पायानं मिटायच्या सिंबलच्या जोडीच्याच, पट्टीतलं. दोन हायहॅट घेऊन बसल्यासारखं झालं. दोन महिन्यांनी निम्म्या किमतीत विकून टाकला. स्टॅकमध्ये खोट नव्हती, माझ्या सेटमध्ये त्याला जागाच नव्हती.

म्हणून आधी जागा ठरव. स्नेअर (तो खरखरणारा ड्रम) आणि बंद हायहॅट यांच्यामध्ये तुला काय कमी पडतंय? तुझ्या बँडमध्ये ढोलकी आहे, म्हणजे वरचा टणटणीत आवाज तिनं आधीच अडवलेला. तिथं ८-१० इंची स्प्लॅशचा, म्हणजे छोट्या सिंबलचा, स्टॅक लावलास तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतील. तुला मोठा, जरा घोगरा स्टॅक हवा: १४ ते १६ इंचांचा, त्यात एक चायना, म्हणजे दुमडलेल्या कडेची सिंबल.

आता गंमत कशात आहे ते ऐक. सुटी सिंबल घुमते कारण तिला अडवणारं कोणी नसतं. दुसरी तिला चिकटली की दोघी एकमेकींना थोपवतात. किती थोपवतात, ते त्या कुठे टेकतात यावर. दोन्हींचा बाक सारखा असेल तर भांड्यावर झाकण बसावं तशा बसतात आणि आवाज जागीच मरतो. बाक वेगळा असेल, नुसत्या कडा टेकत असतील, तर सळसळ उरते. म्हणून चायना कामाची, तिची दुमडलेली कड कुठेच नीट बसत नाही. खाली क्रॅश वर चायना, मग चायना उलटी, मग दोन्हींची अदलाबदल, असं सगळं करून बघ. प्रत्येक वेळी विंगनट, म्हणजे वरचा कानांचा नट, आधी घट्ट आवळ आणि पाव-पाव फेरा सैल करत जा. घट्ट असताना टाळी, सैल होता होता पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. या विंगनटमध्ये एकाच जोडीचे चार स्टॅक दडलेले असतात. मला हे कळायला वर्ष लागलं, तुला आज फुकटात सांगतोय.

चिरेचं म्हणशील तर तिच्या टोकाशी ड्रिलनं बारीक भोक पाडून घे, सहसा पुढे सरकत नाही. भोकाच्या आणि चिरेच्या कडांवर कानस मार, नाहीतर काठ्या सोलून निघतील. स्टॅकमध्ये घुमणं नकोच असतं, त्यामुळे फुटकी सिंबलही कामाला येते.

धातूवरून फार डोकं पिकवू नकोस. महागड्या सिंबल बहुतेक बी२० च्या, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आजी तूप लावून तळपाय घासायची ती काशाची वाटी याच कुळातली. बी८ मध्ये कथील फक्त ८ टक्के, आवाज जास्त धारदार आणि सरळसोट. सुटी वाजवताना हा फरक लगेच कळतो, स्टॅकमध्ये मात्र बराच झाकला जातो. म्हणून वरची चायना स्वस्तातली चालेल. चीनमधल्या वुहानच्या चायना त्यासाठीच ड्रमरलोकांत लाडक्या आहेत. भोकांच्या सिंबल मिळतात, त्या आणखी खरखरीत आणि लवकर विरणाऱ्या. पण त्या नंतर.

ड्रमर माइक पोर्टनॉयच्या नावाच्या, सेबियन कंपनीच्या 'मॅक्स स्टॅक्स'चं नाव तू पाठवलंस, ते झकास आहेत यात वाद नाही. पण त्याच्या सेटवर अख्खं लग्नाचं वऱ्हाड बसेल. तुझ्याकडे स्टँड चार, आणि त्यातला एक हलतो.

माझ्या आत्ताच्या स्टॅकमध्ये खाली झिल्जियन कंपनीची सिंबल, वर सेबियनची आहे. ही अस्सल भाऊबंदकी बरं का! झिल्जियन घराणं १६२३ पासूनचं, मूळ कॉन्स्टँटिनोपलचं, १९२९ मध्ये अमेरिकेत कारखाना काढलेलं. पुढे आर्मंड आणि रॉबर्ट या भावांचं फाटलं, कोर्टकचेरी झाली, आणि रॉबर्टनं कॅनडातल्या मेडक्टिकचा कारखाना घेऊन १९८१ मध्ये सेबियन सुरू केली. नाव पोरांवरून: सॅली, बिली, अँडी. तर या दोन भावांना मी एका नटाखाली आवळून बसवलंय, आणि ते रोज संध्याकाळी कडाकडा भांडतात.

जोडी जमली की लगेच खूश होऊ नकोस. ड्रमवर बसून स्टॅक ऐकणं म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकाला स्वतःच नाव ठेवणं. ढोलकीवाल्याला वाजवायला लाव, फोन दहा पावलांवर ठेव आणि तुझ्या बँडचं एक पूर्ण गाणं रेकॉर्ड कर. मला तेच पाठव, नुसता स्टॅकचा आवाज नको.

वहिनींना नमस्कार. माळ्यावर चढताना शिडी कोणाला तरी धरायला सांग, मागच्या वेळचं आठवतंय.

तुझा,
बाळ्या

ता. क. स्टँडच्या दांडीवर नायलॉनची नळी आहे का ते आधी बघ. नसेल तर लोखंड सिंबलच्या भोकाला खात जातं, आणि चांगल्या चायनाचीही मग तुझ्या क्रॅशसारखीच गत. नळी घेताना दांडी ६ मिमीची की ८ ची, ते मोजून जा.