प्रेसनोट लावा, पण ती प्रेसनोट आहे हे सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बरीच वर्षं पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात, काम करतेय, म्हणजे तुमच्या डेस्कवर रोज ज्या प्रेसनोट येऊन पडतात त्या लिहिणाऱ्यांपैकीच एक. आमच्या आणि पत्रकारांच्या नात्याचा विषय निघाला की एकतर पीआरवाल्यांनी पत्रकारितेची वाट लावली असं ऐकू येतं नाहीतर आमच्याकडून पत्रकार फोनच उचलत नाहीत ही रड असते. पण ऑनलाइन आल्यापासून खरं दुखणं वेगळंच झालंय, आता आम्हाला कोणी प्रश्नच विचारत नाही.

नोट मेल केली की थोड्याच वेळात पोर्टलवर लागलेली दिसते. हेडिंग आमचं, पहिला पॅरा आमचा, साहेबांच्या तोंडचं वाक्यसुद्धा जसंच्या तसं (ते बहुतेक वेळा आम्हीच लिहिलेलं असतं, साहेबांनी फक्त ओके म्हटलेलं असतं), आणि वर नाव काय तर 'वेब डेस्क'. वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी बातमीदार जाऊन, विचारून, तपासून आलाय. मध्ये एका क्लायंटच्या नोटमध्ये 'अशा प्रकारची पहिलीच सेवा' असं होतं, बऱ्याच ठिकाणी ते तसंच लागलं, फक्त एका बातमीदार मुलीचा फोन आला की ताई, पहिलीच म्हणजे नेमकं कशात पहिली आणि हे ठरवलं कोणी? मी क्लायंटला विचारलं तर त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. तो शब्द काढून सुधारित नोट पाठवली, तिने ती वापरली, बाकी ठिकाणी जुनी नोट आजही सर्चमध्ये वर येते. तिच्या एका फोनने जे झालं ते आमच्या ऑफिसातल्या तीन अप्रूव्हलने झालं नव्हतं.

डेस्कवरच्या पोरांना मी दोष देत नाही, एका शिफ्टमध्ये एवढ्या बातम्या टाकायच्या आणि वर क्लिकचं टेन्शन, तपासणार कधी? आमच्याकडेही तोच प्रकार. कव्हरेज किती इंच आलं आणि तेवढ्या जागेची जाहिरात कितीला पडली असती, असा हिशोब करून क्लायंटला दाखवायची जुनी सवय आहे. 2010 मध्ये पीआरचं काम कसं मोजावं याची तत्त्वं, बार्सिलोना प्रिन्सिपल्स, ठरली तेव्हा या धंद्यातल्याच लोकांनी सांगितलं की जाहिरातीच्या दराने पीआरचं मोल ठरत नाही, तरी अजून तो आकडा मागणारे आहेत, आणि आकडा वाढवायचा म्हणजे एकच नोट दिसेल त्या पत्त्यावर पाठवायची, समोरचा बातमीदार त्या विषयावर लिहितो की नाही हे न बघता.

अमेरिकेतल्या आयव्ही ली यांचं नाव आमच्या क्षेत्रात सुरुवातीच्या लोकांमध्ये घेतात. त्यांनी 1906 मध्ये संपादकांना लिहून कळवलं होतं की आमचं काम उघडउघड चालेल, आमचा मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असं वाटलं तर वापरू नका आणि दिलेली माहिती तपासायची असेल तर आम्ही मदत करू. पण हेच ली 1914 मध्ये अमेरिकेतल्या लडलोच्या खाणकामगारांच्या संपात खाणमालक रॉकफेलर यांच्या बाजूने काम करत होते तेव्हा चुकीची माहिती असलेली पत्रकं काढली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यामुळे आम्ही कितीही चांगले वागू म्हटलं तरी नुसत्या आमच्या शब्दावर विसंबून चालणार नाही, तपासणारा माणूस तुमच्याकडे हवाच. आणि तो आमच्यावर चिडला तरी चालेल, मला खरंच चालेल.

म्हणून विनंती आहे की वेबसाइटवर नोट जशीच्या तशी लावली असेल तर खाली 'प्रसिद्धीपत्रकावरून' आणि संस्थेचं नाव टाका. पैसे घेऊन लावलेला मजकूर असेल तर तसं स्पष्ट लिहा, बारीक फिक्कट अक्षरात नको. सुधारित नोट आली की जुनी बातमी दुरुस्त करा आणि दुरुस्त केली हेही तिथे दिसू द्या. आमच्या लोकांनाही सांगते, बातमीदाराशी बोलताना आपण कोणाच्या वतीने बोलतोय ते पहिल्या वाक्यात सांगा. आणि नोटच्या शेवटी जो फोन नंबर असतो तो प्रश्न विचारण्यासाठीच दिलेला असतो, तो लावायला डेस्कवरच्या मुलांना वेळ द्या.

आपली,
पीआर क्षेत्रात काम करणारी एक वाचक